परतीची परवानगी

सौभाग्यवतीस अनेक शुभाशीर्वाद.

ईश्वरकृपेने मी कुशल आहे. तुझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी घरी यावे, म्हणून आज व्हिसाच्या कचेरीत गेलो होतो. खिडकीतली बाई हसून म्हणाली, “आजोबा, घरी जायला परवानगी लागत नाही, इथे परत यायला लागते. ती मिळायला महिना जाईल.”

परवानगीविना निघालो, तर विद्यार्थी म्हणून या देशात पुन्हा प्रवेश नाही. पोथ्यांचा दोन वर्षांचा अभ्यास अर्धवट राहील.

पहाटे पाठ म्हणताना तुझी आठवण येते. तांदूळ निवडता निवडता तू स्वयंपाकघरातून म्हणायचीस, “अहो, एक ओळ गाळलीत!” इथे चुकलो तरी कोणी टोकत नाही.

परवानगीसाठी न थांबता शुक्रवारी निघतो आहे. थेंब वेळेवर घालतेस ना? पट्टी सुटेल तेव्हा समोर मीच असेन. मग हवे तेवढे रागाव.

तुझा वृद्ध विद्यार्थी