एका रिक्षात सुपेला

१२ नोव्हेंबर १९९५, रविवार. सकाळी ७
वजन ९३ किलो. कारखान्याच्या डिस्पेन्सरीचा काटा, म्हणजे खोटं बोलायचा प्रश्नच नाही. ऑपरेशनच्या आधी १४१ होतं. मुंबईच्या डॉक्टरनं पोट स्टेपल केलं, जशी आपण फाइल करतो, अन् जेवणासाठी आतमध्ये एवढीशी वाटी ठेवली. त्याले नऊ महिने झाले. टाइम ऑफिसात माझ्यासोबत हजेरी पाहणाऱ्या तेजरामनं काल वजाबाकी केली, म्हणे श्यामराव, तुमच्यातून एक माणूस रिटायर झाला.

आता जगायचं. यादी केली : सायकल, बॅडमिंटन, पोहणं, आकाशपाळणा. सत्यशीलाले विचारलं, बायको म्हणून तुले काय पाह्यजे? ती म्हणे, मले काही नको, एकदा एका सायकलरिक्षात बसून सुपेल्याच्या बाजारात जाऊ.

लग्न झाल्यापासून आमाले दोन रिक्षा लागतात. पुढच्या रिक्षात मी, मागच्यात ती अन् पिशव्या. ती म्हणे, चौदा वर्षं झाली, रस्त्यानं तुमच्याशी दोन शब्द बोलायले भेटले नाहीत. म्हटलं, बोलायले घर आहे ना. तरी हो म्हटलं. येत्या रविवारी, पक्कं. यादीत सगळ्यात खाली लिहिलं, कारण सगळ्यात सोपं तेच आहे.

१४ नोव्हेंबर
ऑफिसात पायावर पाय टाकून बसलो. जन्मात पहिल्यांदा. एवढी मजा असते हे लोकाइनं कधी सांगतलंच नाही. लंचपर्यंत तसाच बसलो. उठलो तं उजवा पाय झोपलेला अन् मी हजेरी रजिस्टरच्या ढिगावर. तेजराम म्हणे, हळूहळू घ्या. मी मनात म्हटलं, जळतात लोक.

१९ नोव्हेंबर, रविवार
रिक्षाचं आज जमलं नाही. सायकल शिकून राहिलो. स्वतःच्या पायानं जाऊ शकणारा माणूस दुसऱ्याच्या पायानं कशाले जाईल? सत्यशीलाले नीट समजावून सांगतलं. ती म्हणे, बरं. समजदार आहे.

१० डिसेंबर, रविवार
सायकलनं जुनवानी गावाले. जाताना सायकलवर, येताना सायकल अन् मी दोघंही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. हवा गेली, सायकलची. तिकडे उसाचा रस प्यालो, दोन ग्लास. डॉक्टरच्या कागदावर लिहून आहे, एका वेळी अर्धी वाटी, चावून चावून. रस चावायचा कसा? म्हणजे त्याले तो नियम लागू नाही. कागदावर खाली गोड पेयांबद्दलही काही लिहून आहे, पण तिथं घडी पडली आहे, नीट दिसत नाही.

२८ जानेवारी १९९६, रविवार
मीना बाजारात आकाशपाळणा. सत्यशीला म्हणे, मी पण बसते तुमच्याजवळ. म्हटलं, थांब, पहिले मी टेस्टिंग करतो. टेस्टिंगमध्ये तिसऱ्या चक्करले वाटी रिकामी झाली. खालच्या पाळण्यात एक फॅमिली होती. लवकर घरी आलो. पाळण्याचे बोल्ट ढिले होते.

११ फेब्रुवारी
दुर्ग स्टेशनच्या मशीनवर वजन केलं. ९७. स्वेटर एक किलो, बूट दोन किलो, बाकी मशीनचं. कार्डावर मागच्या बाजूनं छापून आलं, आपण निश्चयाचे पक्के आहात. मशीनले अक्कल आहे.

१९ मे, रविवार
पोहणं सुरू केलं. पाण्यात माणूस हलका होते, हे फार छान. पाण्याबाहेर आल्यावर मात्र अंगावरची सैल चामडी पाहून सगळे दुसरीकडे पाहतात. पोहल्यावर भूक लागते अन् वाटी तं लहान. त्यावर उपाय सापडला : सुपेला चौकातला मँगो शेक. हळूहळू उतरून जाते, स्टेपलले समजतही नाही.

सत्यशीलानं विचारलं, आज जायचं का? म्हटलं, चाळीस डिग्रीत? रिक्षावाल्याचा तं विचार कर.

४ ऑगस्ट, रविवार
पाऊस. ती म्हणे, रिक्षाले टप असते, टपाखाली बसून जाऊ, चांगलं वाटते. म्हटलं, बॅडमिंटनची मॅच आहे. मॅच होती. पहिल्या गेमनंतर समोरच्यानं विचारलं, अंकल, पाणी पाह्यजे का? अंकल म्हटल्यावर खेळण्यात दम राहत नाही. रॅकेट तेजरामले देऊन टाकली.

डिस्पेन्सरीचा काटा १०३. पावसात काटे फुगतात.

६ ऑक्टोबर, रविवार
सत्यशीलानं डॉक्टरचा कागद काढला, घडी उलगडली अन् मोठ्यानं वाचला. शेक, रस, लस्सी, रबडी, सगळं लिहून आहे. म्हणे, हे दिसत नव्हतं का? म्हटलं, माणूस कुठल्या परिस्थितीत लिहितो, कुठल्या परिस्थितीत वाचतो, याचाही विचार करावा लागते. ती म्हणे, मले कागदाशी काही करायचं नाही. मले फक्त एवढंच सांगा, आपण जाऊ तेव्हा बसता येईल ना दोघाइले? थोडा राग आला. म्हटलं, तुले माझ्यावर भरोसा नाही का? ती म्हणे, भरोसा आहे, म्हणून तं वर्षभर थांबली.

उद्यापासून शेक पूर्ण बंद.

७ ऑक्टोबर
आज ऑफिसात पार्टी होती. उद्यापासून.

३ नोव्हेंबर
चक्कीवाल्याच्या काट्यावर बसलो. १०९. पण तो काटा गव्हाचा आहे.

८ डिसेंबर, रविवार
सत्यशीलानं विचारलं नाही. मागच्या रविवारीही नाही, त्याच्या मागच्याही नाही. मी मुद्दाम तिच्यासमोर बूट घालून बसलो. ती तांदूळ निवडत राहिली. कटकट गेली म्हणून बरं वाटायले पाह्यजे होतं. नाही वाटलं. मंग मीच म्हटलं, थंडी कमी झाली की जाऊ. ती म्हणे, तुमी म्हणाल तसं.

१६ फेब्रुवारी १९९७, रविवार. संध्याकाळी ६
सुपेला चौकात गेलो होतो, हवा भरायले. सायकल स्टँडजवळच शेकचं दुकान आहे, यात माझा दोष नाही. दुसरा ग्लास हातात असताना समोरून रिक्षा गेली. रिक्षात सत्यशीला अन् शेजारची भागीरथाबाई. एका रिक्षात, मांडीले मांडी लावून. सत्यशीला हात हलवून हलवून काहीतरी सांगत होती, भागीरथाबाई पदर तोंडाले लावून हसून राहिली होती. एवढं बोलताना मी तिले कधी पाह्यलंच नाही. मले वाटायचं, ती कमीच बोलते.

तिनं मले पाह्यलं. ग्लासही पाह्यला. रिक्षा थांबली नाही.

घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. जेवण वाढलं, अर्धी वाटी, मोजून. मी विचारलं, भागीरथाबाईले काय सांगून राहिली होती? म्हणे, असंच, काही नाही.

१७ फेब्रुवारी. सकाळी ५
झोप लागली नाही. आता बस झालं. ४ मे, लग्नाचा वाढदिवस, सोळावा. रविवारच आहे. त्या दिवशी एका रिक्षात सुपेल्याले जाणार. अडीच महिने हातात आहेत. सायकल नाही, पोहणं नाही, बॅडमिंटन नाही. फक्त हे एकच काम. डॉक्टरचा कागद घडी न घालता भिंतीवर चिकटवला.

९ मार्च
वीस दिवस. एकही शेक नाही. दोन किलो गेले असतील. वजन केलं नाही, नजर लागते.

२ एप्रिल
एक झाला. तेजरामच्या मुलीचा साखरपुडा, आग्रह केला. तेजरामले वाईट वाटू नये म्हणून दुसरा. नुकसान भरून काढू.

२७ एप्रिल, रविवार
अजून सात दिवस आहेत. सात दिवसांत काय नाही होऊ शकत? जुनी पँट ट्राय केली. बटण लागलं नाही, पण बटण जवळ आलं होतं. बाबुलाल रिक्षावाल्याशी बोलून ठेवलं, त्याची सीट बाकीच्याइपेक्षा चार बोटं रुंद आहे. मी स्वतः बोटानं मोजली. बाबुलाल माझ्याकडे पाहून विचारून राहिला, साहब, और कौन बैठही? म्हटलं, घरवाली. त्यानं मान खाजवली.

४ मे १९९७, रविवार. सकाळी ७
इस्त्रीचा शर्ट घातला. रात्रीपासून काही खाल्लं नाही, पाणीही दोन घोटच. सत्यशीलाले म्हटलं, चाल. ती म्हणे, कुठं? सुपेल्याले, एका रिक्षात. तिनं भिंतीवरच्या कागदाकडे पाह्यलं अन् मंग माझ्या पोटाकडे. मले भीती वाटली की नाही म्हणते. मंग आत गेली अन् ठेवणीतली निळी साडी नेसून आली. केसात फूलही माळलं. बाबुलालची घंटी वाजून राहिली.

त्याच दिवशी, दुपारी १२
आधी मी बसलो. मंग ती बसली, अर्धी सीटवर अन् अर्धी लोखंडी दांड्यावर. भागीरथाबाई गॅलरीत येऊन उभी राहिली. मी श्वास आत ओढला अन् धरून ठेवला, तिले दोन बोटं जास्तीची जागा झाली. रिक्षा निघाली.

सत्यशीला बोलायले लागली. रस्त्याकडे पाहून, हळू आवाजात, लग्नानंतर दुर्ग स्टेशनवर उतरलो होतो तेव्हापासून सुरू केलं. मी श्वास धरलेला, म्हणून मले हो सुद्धा म्हणता आलं नाही. मान हलवली तं रिक्षा हलली. तिले वाटलं असेल मी ऐकून नाही राहिलो. ऐकत होतो. एक एक शब्द.

चौकाच्या अलीकडे श्वास सुटला. बाबुलालनं ब्रेक लावला, म्हणे, साहब, चक्का घिसत हे, एक झन ल उतरे बर परही, म्हणजे चाक घासते, एकाले उतरावं लागेल. मी उतरायले गेलो. दोन्हीकडून अडकलो होतो. ती उतरली, साडी झटकली, दांड्याचं वंगण लागलं होतं. दुसऱ्या रिक्षाले हात केला. मी म्हटलं, काय सांगून राहिली होती तू? पुढं काय झालं? ती म्हणे, राहू द्या आता. तुमी व्हा पुढं, मी येते मागून.

बाबुलालनं पायडल मारलं. मले मागं वळून तिले पाहायचं होतं. वळायले जागा नव्हती.