बेफिकीर म्हणताना झालेला घोळ

प्रिय ताई, तुला नि आईला वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे? मी कामावर कायम झाल्याचं मागे कळवलं होतं, ते आता तसं राहिलं नाही. काम मात्र आहे, काळजी नको.

कायमची जागा एकच होती. शेजारच्या शिलाई मशीनवरची, जिला आम्ही गुणगुणी म्हणतो नि जिनं मला काजं करायला शिकवलं, तिच्याबद्दल साहेबांनी माझं मत इंग्रजीत लिहून मागितलं. ती बिनघोर आहे, गात काम करते, असं मला म्हणायचं होतं. त्याला शब्द केअरफ्री. मी लिहिलं केअरलेस, म्हणजे निष्काळजी. आपण दोन्हीला बेफिकीरच म्हणतो ना, तिथंच घोळ झाला. तिला डावलून मला घेतलं.

नंतर डिक्शनरीत चूक दिसली. तरी आठ दिवस मूग गिळून बसले, ताई. काल साहेबांना सांगितलं. त्यांनी जागा तिला दिली.

मग तिच्यापुढे उभी राहिले. ती म्हणाली, "शब्द चुकतो गं कुणाचाही. पण आठ दिवस?"

आईला तूच सांग, माझी बाजू न घेता.

तुझी,
मान खाली घालून लिहिणारी धाकटी