विषयाच्या ओळीत

तीर्थरूप तात्या,

इनबॉक्स भरला म्हणून आज जुने ईमेल आवरायला घेतले. तुमचे एका फोल्डरात ठेवले. अख्खं पत्र तुम्ही विषयाच्या ओळीतच लिहायचात, खाली सगळं कोरं. मी हसले की म्हणायचात, "पोस्टकार्डागत हाय गं, न उघडता वाचता येतंय."

खरंच, एकही उघडावा लागला नाही. सगळे अजून न वाचलेल्यांतच, ठळक अक्षरांत.

शेवटचा मात्र हलवला नाही. "ऊस कारखान्याला गेला, आता लय निवांत हाय, कवा येतीस?"

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. आज त्याला उत्तर लिहिलंय, विषयाच्याच ओळीत. पाठवणार नाही. पण दिसलंच तर उघडत बसू नका, वरूनच वाचा.

तुमची संयोगिता
सातारा