कांजी पाजलेल्या सात पत्त्या

“मैने, पत्तीला हात लावू नको. तिला माझ्या तोंडाची सवय हाय,” असं बाबा क्लॅरोनेट पुसताना मला एकदा म्हणाले होते. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्यांचं ऐकलं असतं तर या मृत्युपत्रातली निम्मी कलमं लिहावी लागली नसती.

मी, मैना हिरामण तरे, वय ४३, बालवाडी शिक्षिका, राहणार धामणकर नाक्यामागे, भिवंडी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. येत्या सोमवारी माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरायचं कारण नाही. मी घाबरले आहे, पण ऑपरेशनला नाही.

१. माझं दोन खोल्यांचं घर, पोस्टातली बचत आणि आईच्या बांगड्या माझा धाकटा भाऊ काळूराम, राहणार वडपे, याची मुलगी हौसा हिला मिळाव्यात. घर तिने विकलं तरी माझी हरकत नाही. तिथल्या ढेकणांची मात्र हमी देता येत नाही.

२. शिलाई मशीन शेजारीण हबीबा हिला. गेली दहा वर्षं ती “मैनाबाय, संध्याकाळी परत देते हां” म्हणून नेते. आता परत देऊ नये.

३. बाबांच्या बॅन्ड पार्टीतले ढोलवाले चांगदेव भोईर यांच्याकडे बाबांचा लाल कोट आहे. बाबा गेल्यापासून तो “धुवायला दिलाय”. तो कोट मी त्यांना दिला असं समजावं. त्यांनी तो उघडपणे घालावा.

४. बाबांचं क्लॅरोनेट आणि पत्त्यांचा डबा काळूरामला. डब्यात सात पत्त्या आहेत. त्या त्याच्या ओळखीच्या नाहीत, नव्या आहेत. पत्ती म्हणजे क्लॅरोनेटच्या तोंडाशी बांधायची बोरूची पातळ चीप. हिच्यावरच सगळा आवाज असतो. मी त्या बाबांच्या रीतीने तयार केल्या आहेत: वाटीतल्या पाण्यात दोन मिनिटं, मग पाचच मिनिटं खालच्या सुरांत फुंकायचं, पुसायचं आणि काचेवर सपाट ठेवायचं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. एकच पत्ती लागोपाठ दोन दिवस वापरायची नाही. पावसाळ्यात डब्यात तांदळाची पुरचुंडी. काच आईबाबांच्या लग्नाच्या फोटोची आहे. फ्रेम पडली तेव्हा बाबांनी तीच कापून घेतली. मला वाजवता येत नाही. दुपारी मी फुंकायला बसले की हबीबा भिंतीपलीकडून विचारते, “आज बदकाची तबियत कशी आहे?”

५. हे कलम काळूरामने बसून वाचावं.

काळू, ऐंशी साल होतं. सरकारी बॅन्डमधल्या जागेसाठी तुझी परीक्षा होती. बाबांनी आठवडाभर सात पत्त्या तयार करून वेगळ्या ठेवल्या. त्या थेट परीक्षेतच काढायच्या असं ठरलं होतं. आदल्या दिवशी बाबा बॅन्डच्या सुपारीला गेले होते. मी डबा उघडला तर पावसाने पत्त्या नरम पडल्यासारख्या वाटल्या. मी तेव्हा यंत्रमागाच्या कारखान्यात कांडी मशीनवर सूत भरायला होते. नरम सूत सायझिंगच्या कारखान्यात खळीची कांजी प्यालं की ताठ होतं, हे रोज बघत होते. मी जब्बारभाईंच्या सायझिंगमधून वाटीभर कांजी आणली, सातही पत्त्या तिच्यात बुडवल्या आणि वाळवून पुन्हा डब्यात ठेवल्या. वाळल्यावर त्या ताठ झाल्या. मला फार आनंद झाला होता रे.

तू परत आलास तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला होता. “सूर लागलाच न्हाय. नुसती किंचाळत होती. बाबा, तुम्हाला मला पाठवायचंच नव्हतं. म्हणून पत्त्या मारल्या!”

बाबांनी एक पत्ती जिभेला लावली. मग माझ्याकडे बघितलं. “असंल तसं,” एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले.

तू घर सोडून वडप्याला गेल्यावर मी रडत होते, तेव्हा म्हणाले, “तू गप ऱ्हा. माझ्यावर रागावला तर रागावू दे. मी जाईन उद्या. तुमा दोघांना एकमेकांशी बोलायचं हाय अजून.”

त्यांनी ते मरेपर्यंत पाळलं, आणि मी त्यांना पाळू दिलं. ते गेले तेव्हाही तू दारातच उभा राहिलास. हे सांगायला मी तीनदा वडप्याला आले. तिन्ही वेळा वहिनीच्या हातचा चहा पिऊन, हौसाला चॉकलेट देऊन परत फिरले. बाबांनी पत्त्या मारल्या नव्हत्या. मी मारल्या. तुझ्यावर माया होती म्हणून मारल्या, पण मारल्या मीच.

६. शेवटची विनंती. माझ्या दिवसांना काळूने घरी यावं. डब्यातली कोणतीही पत्ती पाण्यात न घालता स्वतःच्या तोंडात ओली करावी आणि बाबांच्या फोटोसमोर एक सूर लावावा. गाणं नको. एकच सूर, जेवढा टिकेल तेवढा. बाबांना कांजी जिभेवर कळली होती; या वेळी ती नाही, हे त्यालाही जिभेवरच कळू दे. तो “न्हाय” म्हणेल, हे मला माहीत आहे. सतरा वर्षं त्याने त्या वाद्याकडे पाहिलेलं नाही. तरी हौसाने पाण्याची वाटी बाजूला सारून त्याला एकदा विचारावं.

लिहिणार: मैना हिरामण तरे

आमच्यासमोर सही केली:
यूनुस जब्बार खोत
दौलत महादू केणे

भिवंडी, दि. १४ ऑगस्ट १९९७