पाचची बोट

३ डिसें.
फोनवर आबांचं परत तेच. "पाचला सुटते ना बोट? मंग साडेचारला येतो." अहो आबा, एसटी नाय ती! मुंबईला बोट लागली, मोबाइलला रेंज आली, आणि सगळी रेंज भांडणात गेली. दहा वेळा सांगितलं, गेट तीनला बंद होतं. बॅगा तपासणार, आधार बघणार, फोटो काढणार, मग वर घेणार. बाराला गेटावर पाहिजे. त्याच दिवशी चांदवडवरून निघालात आणि कसारा घाटात ट्रक आडवा झाला की संपलं. आदल्या दिवशी मुंबईत मावशीकडं येऊन झोपा.
तर म्हणे, "दिवसभर तिच्या दारात काय करायचं? तू तिथंच कामाला हायेस ना? सांग की डायवरला, माझे आई-बाप येतायत."
डायवरला! चार महिने झाले, कप्तानाचं तोंड पाह्यलं नाय मी. मी खाली लाँड्रीत. चादरी, टॉवेल, चादरी.

४ डिसें.
आईशी बोललो. तिला पटतंय, पण ती काय करणार. स्टाफच्या घरच्यांचं स्वस्तातलं तिकीट एका कॉन्ट्रॅक्टमध्ये एकदाच. दोन रात्री, गोव्याला जाऊन परत. यांचं १७ तारखेचं. ती बोट चुकली की मग भेट एकदम मेमध्ये, कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर. मुंबईत बोट लागली तरी मला उतरता येत नाय, त्या दिवशी सगळ्या खोल्यांच्या चादरी बदलतात.
शेवटी आई हळूच म्हणली, "तुला बघायचंय त्यांना. दिसतंय तवर."
आबांनी जीप विकली ती डोळ्यांपायीच. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, धंदा बसला.

६ डिसें.
आज काम कमी. सारखी जीपच डोक्यात.
आमची जीप गाव ते चांदवड. वेळ नाय, काय नाय. भरली की निघायची. भरली तरी म्हसोबाच्या वळणावर आबा दोनदा हॉर्न मारायचे आणि इंजिन बंद करून बसायचे. कुणी मळ्यातून पळत येतंय, कुणाच्या हातात चप्पल, कुणाचं तोंड अजून भरलेलं. आबांच्या जीपनं कुणाला मागं टाकलं, असं गावात कुणी सांगणार नाय.
मला सोडून. नाशिकला सातपूरच्या कंपनीत भरती होती, नऊला गेट बंद. मी पहाटेपासून पुढच्या सीटवर, धुतलेला शर्ट घालून. आणि वस्तीवरच्या गयाबाईची शेळी सुटली. गयाबाई म्हणली, "आल्येच!" आबा थांबले. मग सगळी जीप उतरून शेळीमागं. मी एकटा बसलेला. पोचलो तेव्हा वॉचमन म्हणला, उद्या ये. उद्या भरती नव्हतीच.
तवापासून भांडण. ती नोकरी लागली असती तर रोज घरी जेवलो असतो.
शेळी मात्र सापडली.

१० डिसें.
मुंबई. जरा हवा खायला स्टाफच्या डेकवर आलो तर बोटीचे दोर सुटलेले. खाली धक्क्यावर, जाळीपलीकडं एक म्हातारा, एक बाई, दोन पोरी. टोप्या नव्या, बॅगा नव्या. म्हातारा तिकिटाचा कागद उंच धरून हलवीत होता, जसं आम्हाला वरून वाचता येणार.
माझ्याबरोबरचा रॉकी, गोव्याचा, म्हणला, "दर खेपेला असतंच रे कोणी राह्यलेलं." मोबाइल काढून शूटिंग करायला लागला. मी त्याचा हात खाली दाबला. तो बघतच राह्यला.
बोटीचा हॉर्न वाजला. छातीत घुमतो. आबांचा हॉर्न म्हणायचा, ये. हा म्हणतो, चाललो.
एवढी मोठी बोट. चार माणसांसाठी

(सुपरवायझर आला. राह्यलं.)

११ डिसें.
गोव्यात रेंज मिळाली. आबांना कालचं सगळं सांगितलं. टोप्या, कागद, सगळं.
"मंग त्यांचं काय झालं?"
"माहीत नाय."
"कुणी विचारलंसुद्धा नाय?"
"नाय आबा."
"...कसली गाडी रे ही तुझी."
भांडायला तोंड उघडलं होतं, पण खरं होतं.
मग स्वतःच म्हणले, "बरं. सोळालाच निघतो." मी म्हणलो, स्पेशल गाडी करा, पैसे मी पाठवतो, वाटेत कुणाला घेत बसू नका. हो म्हणले. आईला फोन देता देता म्हणले, "गाडीत मागं जागा रिकामीच चालली. गयाबाईची लेक ठाण्याला हाय. गयाबाईला तिथं सोडतो."
"आबा! आणि शेळी?"
"बांधली की निघू."
मी ओरडणार होतो आणि हसायलाच लागलो. रॉकी बघायला आला, याला झालं काय. डोळे पुसायला टॉवेल पाहिजे तेवढे होते.
निघतील ना वेळेत? कोण जाणे. आता मुंबई येईपर्यंत रेंज नाय.
गाडीचे साडेपाच हजार. शेळी राखणाऱ्याचे शंभर वेगळे. आत्ताच पाठवले, ५,६००.