भिंतीवरची रोटी

प्रिय आई,

दिलफुझाचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? मी मजेत आहे. रविवारी पुलाव मीच करते. तळावरची पुरुषमंडळी नाकं मुरडतात आणि दोनदा वाढून घेतात.

बाबा म्हणतील, "दगडमाती बघायला एवढं शिकलीस?" त्यांना सांग, इथल्या गावामागचा डोंगर तडकलाय. वसंतात बर्फ वितळेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायचं काम माझ्यावर सोपवलंय, माझं पहिलंच. आमचा तळ लांब आहे, घाबरू नकोस.

म्हणजे द्राक्षांच्या तोडणीला येणं होणार नाही. निघताना मला एक घास खायला लावून, उरलेली परतल्यावर खायची म्हणून तू टांगलेली रोटी काढू नकोस. शेजारणी काहीही म्हणोत. वाळून दगड झाली तरी चहात बुडवून खाईन, तुझ्यासमोर बसून.

तुझी परतणारी लेक,
दिलफुझा