दुर्गंधी डिंक

३ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

नातीने शाळेसाठी विचारलं होतं, हिंगाला नाव कसं पडलं. मी चौथी शिकलेला, म्हणून गोदामाच्या मुनीमजींना विचारलं. ते म्हणाले, आपला शब्द संस्कृतातल्या हिंगूवरून आला. परदेशी नाव मात्र दोन भाषांची मोट: पहिला तुकडा फारसी, म्हणजे डिंक, दुसरा लॅटिन, म्हणजे घाण वासाचा. सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र सदरा काढून नाकाशी धरून पाहिला.

बेचाळीस वर्षं हेच खडे फोडून पिठात मळतोय. मला त्याचा वास येईनासा झालाय. मागच्या खेपेला तुझ्याकडून निघालो आणि कोपऱ्यावरून वळून पाहिलं, तर तू माझी गादी गच्चीच्या कठड्यावर टाकत होतीस. त्यानंतर राहायला या असं तू लिहिलं नाहीस. तुझी आई होती तोवर अंगाला वास आला की ती तोंडावर सांगायची. आता इथं हिंगवाल्यालाच कोणी हिंग लावून विचारत नाही. माझ्या अंगाला वास येतो का, खरं लिही. खोकला अंगावर काढू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न.

खरं विचारलंत, म्हणून खरं लिहिते. येतो. गादीला आठ दिवस होता. सासूबाई कुरकुरल्या, पण त्या स्वतः तपकीर ओढतात. त्यांच्या नाकाचं फार मनावर घेऊ नका.

बोलावलं नाही त्याचं कारण वेगळं. आठ दिवसांसाठी म्हणून येता आणि दर वेळी तिसऱ्या दिवशी गोदाम अडलंय म्हणून उठता. मला वाटलं, तुम्हाला इथं करमत नाही. मग कोणत्या तोंडानं आग्रह करू? मागची खोली रिकामी आहे. काम सोडा आणि कायमचे या.

रागावला असाल तरी उत्तर धाडा.
तुमची ठमी

२० फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी वाईट वाटलं, मग हायसं वाटलं.

गोदाम कधीच अडलं नव्हतं. विहीणबाईंनी खिडकी उघडली की मला वाटायचं, माझ्यामुळेच. कोणी सांगण्याआधी निघालेलं बरं. रजा आठ दिवसांची असायची. उरलेले पाच दिवस मी खोलीला आतून कडी लावून बसायचो. लेकीकडून लवकर का आलात, असं शेजाऱ्यांनी विचारू नये म्हणून दिवाही लावत नव्हतो.

काल काम सोडलं. रविवारी दुपारच्या गाडीनं येतो. स्टेशनवर यायची दगदग करू नकोस. आलीस तर बरं वाटेल.

तुझा बाबा